मधलं अक्षर

१

मारिव्हेलनं जे कधी मागितलंच नव्हतं, ते सरकारनं तिला मंजूर केलं होतं.

पत्र टेबलावर ठेवून ती नुसती उभी राहिली. अंगातला जाड कोट काढायचंही तिच्या ध्यानात नव्हतं, बुटांवरचं बर्फ वितळून पायाखाली डबकं झालं होतं. चर्चच्या तळघरात शनिवारची नेहमीची वर्दळ होती. पलीकडे बायका पान्सितच्या शेवयांची परात झाकत होत्या आणि एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत होत्या. पुरिता माग्बानुआनं चष्मा नाकावर ओढला आणि पत्र वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

पत्रात लिहिलं होतं की, आपण स्वेच्छेने केलेल्या अर्जानुसार आपला कायम रहिवासाचा हक्क संपुष्टात आला आहे. यापुढे सहा महिने आपण या देशात पाहुण्या म्हणून राहू शकता.

"कुठल्या गाढवानं तुला हा अर्ज करायला सांगितला?" पुरिता कडाडली. "तोंडानं बोंबलून सांगितलं होतं ना मी, की दोन वर्षं गप बस म्हणून?"

"तीता, मी अर्ज केलाच नाही."

तीता म्हणजे मावशी. विनिपेगमधली निम्मी फिलिपिनो वस्ती पुरिताला तीताच म्हणायची. मायदेशी इलोइलोच्या नगरपालिकेत जन्म-लग्नाच्या नोंदी करण्यात तिची चौदा वर्षं गेली होती. नंतर इथल्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवण्यात बावीस. आता निवृत्त झाल्यावर ती दर शनिवारी या तळघरात बसून लोकांचे सरकारी फॉर्म फुकट भरून द्यायची. आधी शिव्या, मग मदत, हा तिचा क्रम सगळ्यांना पाठ होता.

मारिव्हेलची सगळी हकीकत तिला माहीत होती. पोर चौदाव्या वर्षी आईबरोबर इथं आली ती पीआर, म्हणजे कायम रहिवासाचा हक्क, घेऊनच. एकोणिसाव्या वर्षी आजी आजारी म्हणून तीन महिन्यांसाठी इलोइलोला गेली आणि अकरा वर्षं तिकडेच अडकली. आजी गेली, तिनं नर्सिंग केलं, नोकरी केली, आणि एका चुलत बहिणीच्या लग्नात विनिपेगहून आलेल्या दिंदो लाबायेनशी तिचं जमलं. तोवर कार्डाची मुदत केव्हाच संपली होती. पण मुदत कार्डाची संपते, हक्काची नाही. ही साधी गोष्ट लोकांना ठाऊक नसते आणि ठाऊक करून द्यायची कुणाला गरजही वाटत नाही. विमानात बसायला चालू कार्ड लागतं, म्हणून मारिव्हेल अमेरिकेच्या बाजूनं जमिनीवरून आली, सीमेवरच्या साहेबानं तासभर झाडलं आणि आत सोडलं. पुरितानं तिला तेव्हाच बजावलं होतं, की आता दोन वर्षं इथून हलू नकोस, कुठला अर्ज करू नकोस. दोन वर्षं भरली की तुझा हक्क पुन्हा खणखणीत.

त्यातले एकोणीस महिने भरले होते. पाच राहिले होते.

"वृद्धाश्रमातली नोकरी?" पुरितानं विचारलं.

"काल थांबवली. पाहुण्यांना काम करता येत नाही मॅनेजरबाई म्हणाल्या." मारिव्हेलचा आवाज चिरकला. "माझ्या वॉर्डातल्या चौदा म्हाताऱ्यांचा निरोपसुद्धा घेऊ दिला नाही."

"बस खाली. आणि मला सांग, तू अर्ज केला नाहीस, तर त्याला जोडलं काय?"

"फोनवरची बाई म्हणाली, माझं जुनं कार्ड जोडलंय. तीता, ते माझ्या कपाटात होतं, घडीच्या कपड्यांखाली. इकडे यायच्या आधी बघून आले."

"मग?"

"नाहीये."

२

अर्जाची नक्कल मागवली, ती यायला महिना लागला. माणसाला देशातून पुसायला एक सही पुरते. ती सही कुणाची होती हे बघायला मात्र फॉर्म भरा, थांबा, पुन्हा फोन करा. पुरिताचा जीव नुसता चडफडत होता.

नक्कल आली तेव्हा दोघींनी ती मारिव्हेलच्या सासरच्या स्वयंपाकघरात टेबलावर पसरली. फॉर्म हातानं, ठळक मोठ्या अक्षरांत भरलेला. तारीख नोव्हेंबरच्या शेवटाची. नाव जुन्या कार्डावरून जसंच्या तसं उतरवलेलं, मारिव्हेल पाल्मारेस. हक्क सोडण्याचं कारण, 'पती स्पॉन्सर करणार आहेत.' आणि खाली वळणदार सही: मारिव्हेल एस. पाल्मारेस.

"ही माझी सही नाही," मारिव्हेल म्हणाली. "मी अशी करतच नाही."

मारिव्हेलनं लग्नानंतरही आपलं नाव बदललं नव्हतं. नर्सिंगचे सगळे दाखले पाल्मारेस नावावर होते, ते कोण बदलत बसणार?

दिंदो भात टाकत होता. शहराची बस चालवणारा, शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. त्यानं हात पुसले आणि तो म्हणाला, "तीता, झालं ते वाईटच झालं. पण एवढं आभाळ कोसळल्यासारखं कशाला करायचं? नवरा म्हणून मी तिच्यासाठी अर्ज करतो, तिला स्पॉन्सर करतो ना. तसंही आधी जुना पीआर सोडावाच लागला असता, एकाच माणसाला दोनदा पीआर कसा देतील? वर्ष-दीड वर्षात पुन्हा तेच कार्ड. शेवटी परिणाम तोच."

"परिणाम तोच?" पुरिता उभीच राहिली. "अरे शहाण्या, आज ती तिच्या हक्कानं इथं उभी होती. कमवत होती. उद्या ती तुझ्या अर्जावर उभी राहणार. तू उद्या रुसलास आणि अर्ज मागे घेतलास, तर तिला पेटी भरावी लागेल. घराची मालकीण आणि घरातली पाहुणी, दोघी एकाच घरात झोपतात म्हणून दोघी एक होतात का रे?"

"मी कशाला मागे घेईन?"

"घेणार नाहीस. पण घेऊ शकशील. तेच तर कुणाला तरी हवं होतं."

तेवढ्यात दिंदोची आई बेनिंग आतून आली. पूर्ण नाव बिएनव्हेनिदा, म्हणजे सुस्वागतम. आल्यागेल्याच्या हातात काहीतरी खायला ठेवल्याशिवाय ती बोलायला सुरुवात करत नसे. तिनं पुरितापुढे तांदळाच्या केकची बशी सरकवली.

"घे गं पुरिता, गरम आहे. मी तर म्हणते, हा त्या एस्कार्दाचाच उद्योग. तो व्हिसा-पीआरचा एजंट. चर्चच्या हॉलमध्ये येऊन नाही का भाषण ठोकलं, की नवऱ्यानं स्पॉन्सर करायच्या आधी जुना पीआर सोडा म्हणून? आणि कोरे फॉर्मही वाटले सगळ्यांना. गिऱ्हाईक पाहिजे मेल्याला."

"तुलाही दिला होता फॉर्म?"

"सगळ्यांनाच दिला. मी माशांचे काटे गुंडाळले त्यात." बेनिंग हसली. "बिचारी माझी सून. तरी मी म्हणते, जे होतं ते बऱ्यासाठीच."

दिंदोनं वाकून सही पाहिली. त्याच्या कपाळावर आठी पडली. "हा एस कुठून..." एवढं बोलून त्यानं आईकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि तोंड मिटलं.

"काय रे?" पुरिता म्हणाली.

"काही नाही."

"काही नाही कसं? काहीतरी म्हणत होतास."

"भात करपेल," म्हणत तो वळला. मारिव्हेलनं मान खाली घातली होती. नवराबायको दोघांनाही काहीतरी माहीत होतं, आणि ते दोघं पुरितापासून लपवत होते.

३

एस्कार्दाचं ऑफिस वाणसामानाच्या दुकानावर होतं. जिना चढताना खारवलेल्या माशाचा वास यायचा आणि ऑफिसात गेल्यावर अत्तराचा. पुरितानं दारातच तोंड सोडलं.

"गरिबाच्या मुंडीवर पाय देऊन धंदा करायला लाज वाटत नाही?"

"बसा, तीता. पाणी?"

"पाणी नको. आधी सांग, मारिव्हेलचा फॉर्म कुणी भरला?"

त्यानं नक्कल हातात घेतली, वरून खाली पाहिली आणि परत ढकलली. "मी नाही. हे बघा, माझ्या ऑफिसातून हातानं भरलेला कागद बाहेर जात नाही, टाइप होऊन जातो. दुसरं, मी पासपोर्टची प्रत जोडल्याशिवाय अर्ज पाठवत नाही. इथं फक्त कार्ड जोडलंय. म्हणजे भरणाऱ्याकडे पासपोर्ट नव्हता."

"आणि तुझ्याकडे होता?"

"प्रत होती. दिंदो ऑक्टोबरमध्ये घेऊन आला होता. स्पॉन्सर करायचं म्हणाला. मी सांगितलं, बाबा, तुझ्या बायकोचा जुना पीआर अजून जिवंत आहे, आधी तो सोडावा लागेल. तो म्हणाला, ती ऐकणार नाही. मी म्हटलं, मग नको. तो प्रत घेऊन गेला आणि विषय संपला." एस्कार्दा पुढे वाकला. "माझ्यावर राग काढा, तीता, माझी काही हरकत नाही. पण ज्यानं ही सही केली तो माझ्यापेक्षा बावळट आहे. तिच्या पासपोर्टवर मधलं नाव नाहीच. जागा कोरी आहे. मी कोऱ्या जागेत एस घालून लायसन घालवून घेईन का?"

पुरितानं नक्कल पुन्हा जवळ ओढली.

"कोरी?" ती हळूच म्हणाली.

"कोरी. मी म्हटलं छपाईची चूक असेल."

पुरिताला छपाईच्या चुका माहीत होत्या आणि ही त्यातली नव्हती. फिलिपिनो माणसाच्या नावात मधे आईच्या माहेरचं आडनाव येतं. बापाचं आडनाव शेवटी, आईचं माहेर मधे, म्हणजे दोन्ही घराणी नावात नांदतात. त्यामुळे सहीत मधलं अक्षर नसलं, की जुन्या माणसाला ती सही उघडी वाटते. मधली जागा कोरी राहते ती एकाच कारणानं. आईचं लग्न झालेलं नसलं, की मुलाला आईचंच आडनाव लागतं आणि मधे घालायला काही उरतच नाही. इलोइलोत चौदा वर्षांत तिनं स्वतःच्या हातानं शेकडो नोंदींत ती जागा मोकळी सोडली होती. समोर बसलेल्या पोरी ती मोकळी जागा बघून मान खाली घालायच्या. ज्यांनी मान खाली घालायला हवी, ते बाप कधी नोंदीला आलेच नाहीत. तेव्हाही तिला संताप यायचा, पण तेव्हा ती कारकून होती आणि गप्प बसायची.

जिना उतरता उतरता ती थांबली. एस्कार्दानं कोरी जागा पाहिली होती. दिंदोनं पाहिली होती. या दोघांपैकी कुणीही सही केली असती तर एस घातला नसता.

मग हा एस आला कुठून?

४

मारिव्हेल आईच्या इमारतीतल्या धुलाईघरात कपड्यांच्या घड्या घालत होती. मशीन घरघरत होतं, तिसरं कुणी नव्हतं.

"तुझा जन्माचा दाखला मी पाहिला नाही," पुरिता म्हणाली, "पण त्यात काय लिहिलंय ते मला कळलंय. मला त्याचं काही वाटत नाही, हे आधी ऐक."

मारिव्हेलच्या हातातला टॉवेल खाली पडला. मग ती खाली बसली.

"बाबा जहाजावर होते. त्यांना आधीची बायको होती. आईला ते मी पोटात असताना कळलं." ती थांबून म्हणाली, "इथं आल्यावर आईनं सगळ्यांना सांगितलं, नवरा समुद्रात गेला. एकदा सांगितल्यावर ते धरूनच बसावं लागलं. चर्चच्या गाण्याच्या चमूत आहे ती, तीता. सगळे तिला मिसेस पाल्मारेस म्हणतात. ते तिचं माहेरचंच नाव आहे हे कुणाला माहीत नाही."

"दिंदोला?"

"त्याला माहीत आहे. लग्नाच्या परवान्याला दाखला लागतो ना. तो म्हणाला, मला काय करायचंय, फक्त नानायला सांगू नकोस." नानाय म्हणजे आई; सासूलाही ती तेच म्हणायची. "त्यांना सोवळं फार. म्हणून तर त्या दिवशी तो गप्प बसला. नानाय समोर होत्या."

पुरितानं मनातल्या मनात दिंदोची माफी मागितली, पण अर्धीच.

"आता नीट आठव. हा एस तू कुठं वापरलास? एखाद्या फॉर्मवर? शाळेत?"

"कुठंच नाही. मला अक्षरच नाही, तर..." मारिव्हेल मधेच थांबली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बोल."

"नोव्हेंबरच्या सुरुवातीला. मेलेल्यांच्या प्रार्थनेसाठी नावं द्यायची होती. नानाय पाकिटावर नावं लिहीत होत्या. मला म्हणाल्या, तुझ्या आईकडच्या आजीआजोबांची नावं घालू, आईचं माहेर कुठलं? मी घाबरले. तोंडाला आलं ते सांगितलं. सोलिनाप. शाळेत गणिताला सोलिनाप बाई होत्या."

"आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. नानायशिवाय असलं विचारतं कोण?"

पुरितानं पडलेला टॉवेल उचलला, झटकला आणि घडी घातली. सबंध जगात एकच बाई होती, जिच्या लेखी मारिव्हेलच्या नावात एस होता.

"तीता," मारिव्हेलनं तिचा हात धरला. "पण हे सिद्ध करायचं तर एस माझा नाही हे सांगावं लागेल. आणि तो का नाही, तेही. आईनं सतरा वर्षं जे झाकलं ते मी चव्हाट्यावर आणू? नको. मी पाहुणी म्हणून राहीन. करू दे दिंदोला स्पॉन्सर."

"म्हणजे चोरानं तुझंच घर लुटायचं आणि तूच चोराच्या घराची अब्रू सांभाळायची?"

"चोराच्या नाही, आईच्या."

पुरितानं घडी घातलेला टॉवेल ढिगावर ठेवला आणि ती उठली.

५

तरीही तिला राहवलं नाही. रविवारी प्रार्थनेनंतर तळघरात सूप वाढायला सुरुवात झाली, तेव्हा ती बेनिंगच्या टेबलाशी जाऊन बसली. दिंदो आणि मारिव्हेल समोर होते. सुपाच्या पातेल्यापाशी डाव घेऊन मारिव्हेलची आई एल्विरा उभी होती, सडपातळ, केस घट्ट बांधलेली, गाण्याच्या चमूतला निळा झगा अजून अंगात. पुरितानं ठरवलं होतं, की एल्विराचं नाव न घेता बेनिंगला कोंडीत धरायचं.

"बेनिंग, सहज विचारते. मारिव्हेलच्या आईचं माहेर कुठलं गं?"

"सोलिनाप," बेनिंग ताबडतोब म्हणाली. "का?"

दिंदोनं चमचा खाली ठेवला.

"तुला हे कुणी सांगितलं?"

"हिनंच. पाकिटावर लिहिताना."

"बरं. तर मग सगळ्यांसमोर ऐक. अर्ज हातानं भरलाय, म्हणजे एस्कार्दाचा नाही. पासपोर्ट जोडलेला नाही, म्हणजे दिंदोचा नाही, त्याच्याकडे प्रत होती. जोडलंय फक्त कपाटातलं कार्ड, म्हणजे घरातल्याच माणसाचं काम. आणि सहीत एस आहे. हा एस तिच्या कुठल्याही कागदावर नाही. तो फक्त तुझ्या डोक्यात आहे, बेनिंग. माशांचे काटे तू त्या फॉर्ममध्ये नाही गुंडाळलेस. तू त्यात तुझी सून गुंडाळलीस."

शेजारच्या टेबलावरच्या माना इकडे वळल्या.

"वा गं वा!" बेनिंग लालबुंद झाली. "आईचं माहेर सोलिनाप, मग अक्षर एसच असणार! कुणालाही कळेल! कागदावर नाही म्हणजे काय? एस नाही तर कुठलं अक्षर आहे हिचं? सांग की! एवढी नोंदवहीवाली आहेस तर बोल मोठ्यानं!"

पुरिताच्या जिभेवर उत्तर होतं. तिनं ते गिळलं. मारिव्हेल तिच्याकडे बघून हळूच मान हलवत होती, नको, नको.

"बघा," बेनिंग सगळ्यांकडे वळली. "उगाच म्हाताऱ्या बाईवर आळ घ्यायचा. उत्तर आहे का हिच्याकडे?"

"माझ्याकडे आहे," एल्विरा म्हणाली.

तिनं डाव पातेल्यावर आडवा ठेवला आणि हात पुसत ती पुढे आली.

"माझ्या मुलीला मधलं अक्षर नाही. कुठलंच नाही. कारण माझं लग्न झालं नाही. नवरा समुद्रात गेला हे खोटं होतं, तो त्याच्या बायकोकडे गेला. पाल्मारेस माझ्या बापाचं नाव, आणि माझ्या मुलीला ते मी दिलं. सोलिनाप कोण मला माहीत नाही."

मारिव्हेल उठून आईपाशी गेली. "आई, कशाला बोललीस?"

"कशाला म्हणजे? माझी लाज झाकायला तू तुझा हक्क सोडणार? सतरा वर्षं मी खोटं बोलले ते तू ताठ मानेनं जगावंस म्हणून. तू मान खाली घालणार असशील तर त्या खोट्याला काय जाळायचंय मला?"

कोंडीत सापडल्यावर माणूस अंगावर येतं, तशी बेनिंग आली. "म्हणजे तू ठेवलेली होतीस! आणि तुझी पोर माझ्या घरात आणलीस, मला न सांगता!"

"नानाय!" दिंदो ओरडला. आईवर आवाज चढवलेला त्याचा तो आयुष्यातला पहिला दिवस असावा.

"ओरड, माझ्यावरच ओरड! मी कुणासाठी केलं रे हे? तुझ्या भावाची बायको कागद हातात पडले आणि दुसऱ्या महिन्यात कॅलगरीला निघून गेली, विसरलास? ही पण गेली असती! स्वतःचे कागद, स्वतःची नोकरी, मग नवरा कशाला लागतो? तुझ्या नावावर आली असती तर राहिली असती. मी माझ्या पोराचं घर वाचवलं, एवढाच माझा गुन्हा!"

आपण काय बोलून बसलो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. तीसएक माणसांनी ते ऐकलं होतं, सुपाच्या वाट्या हातात धरून.

संताप येणार नाही तर काय! सून म्हणजे दाव्याला बांधायची गाय, आणि दावं कशाचं, तर सरकारी कागदाचं. पुरिता काही बोलणार होती, पण तिच्या आधी दिंदोनं खिशातून पेन काढलं.

"तीता, कोरा कागद द्या."

"काय करतोस?"

"नानाय आत्ता जे बोलली ते लिहितो. खाली मी सही करतो. मी ऐकलं." तो आईकडे वळला. "नानाय, तूही कर. नाहीतर माझ्या सहीवरच जाईल."

बेनिंगनं त्याच्या हातातून पेन घेतलं. मग तिनं रडत रडत सही केली. एल्विरानं वेगळा कागद मागितला आणि आपलं प्रतिज्ञापत्र स्वतःच्या हातानं लिहिलं. 'अविवाहित' हा शब्द तिनं दोनदा गिरवला, न वाचता येणाऱ्यालाही दिसावा इतका ठळक. गाण्याच्या चमूतल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. मग त्यातली सगळ्यात म्हातारी उठली, एल्विरानं ठेवलेला डाव तिनं उचलला आणि सूप वाढायला लागली.

६

कागद गेले. मार्च संपला, एप्रिल गेला, रस्त्यांवरचं काळं बर्फ वितळलं. मारिव्हेल आईकडे राहत होती. दिंदो बसची पाळी संपली की तिकडे यायचा, जेवायचा आणि खाली मान घालून परत जायचा. पुरिता दर सोमवारी त्या सरकारी ऑफिसला फोन करायची आणि दर सोमवारी फोनवरच्या माणसाला नव्यानं चार शब्द सुनवायची.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. अर्ज अर्जदाराने केलेला नसल्याचे पुराव्यांवरून मान्य करण्यात येत आहे. हक्क सोडल्याचा निर्णय रद्द. कायम रहिवासाचा दर्जा पूर्ववत. मधले महिनेही मोजले जाणार होते, आणि त्या हिशेबानं दोन वर्षं नुकतीच भरली होती.

पुरितानं पत्र वाचून दाखवलं आणि ती खुर्चीत बसून ढसढसा रडली. रडता रडता शिव्याही दिल्या.

दिंदो त्या दिवशी सुट्टी घेऊन आला होता. दारातच उभा राहून त्यानं विचारलं, "आता?"

"आता काय?" मारिव्हेल म्हणाली.

"आता तुला माझी गरज नाही. कॅलगरीला जा, कुठंही जा. पण..." तो एक पाऊल आत आला. "घरी येशील का? नानाय बोलत नाही, जेवत नाही. मी तिला सांगितलंय, तू आलीस तर तुझ्या अटीवर येशील."

मारिव्हेलनं आईकडे पाहिलं. एल्विरा खिडकीशी उभी होती. त्या रविवारनंतर गाण्याच्या चमूत तिची जागा तशीच राहिली होती, पण दोन बायका तिच्या शेजारी बसायच्या बंद झाल्या होत्या.

"येते," मारिव्हेल म्हणाली. "सोमवारी नोकरीवर रुजू होईन, मग येईन. आईही अधूनमधून येईल राहायला, पुढच्या दारानं. आणि नानायना एक निरोप सांग."

"काय?"

"सांग, मी राहायला येतेय. कुणी ठेवलेली म्हणून नाही."

एल्विरा वळली. तोंडावर हात धरून ती हसायला लागली, आणि मग तिनं तोंडावरचा हात काढला.